येरवडा : इतिहास मोजक्यांचा, गर्दी बाकीच्यांची

२६ जानेवारी २०२१ रोजी महाराष्ट्र सरकारने येरवडा मध्यवर्ती कारागृहात ‘जेल पर्यटन’ सुरू केले. तिकीट शाळकरी मुलांना ५ रुपये, महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना १० आणि इतरांना ५०. पाहायचे काय, तर टिळक यार्ड, गांधी यार्ड, पुणे करार झाला ती जागा. ही कल्पना उचलून धरणारे गृहमंत्री अनिल देशमुख यांना त्याच वर्षी नोव्हेंबरात अटक झाली आणि वर्षभराहून अधिक काळ त्यांना तुरुंग आतून पाहावा लागला, अर्थात मुंबईचा, आर्थर रोडचा. हा किस्सा अजूनही चवीने सांगितला जातो. पण येरवड्यात तिकीट काढून जाणाऱ्याला जो तुरुंग दाखवायचा आणि जो तुरुंग तिथे दिवसरात्र चालतो, त्यांचा एकमेकांशी फारसा संबंध उरलेला नाही, याची चर्चा मात्र कुणी करत नाही. पहिल्यावर मराठीत, इंग्रजीत, गुजरातीत कपाटे भरतील इतके लिहून झाले आहे. दुसऱ्याची बातमी होते ती कुणी बडा आत गेला, कुणी पळाला किंवा कुणाचा मुडदा पडला तर.

हा तुरुंग १८७१ चा. तेव्हा मुळा-मुठेपलीकडचे येरवडा म्हणजे पुण्याबाहेरचे माळरान. कॅम्प हाताशी, शहर दूर, असा ब्रिटिशांचा हिशोब होता. आज तो विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, काचेच्या इमारतींच्या वेढ्यात सापडला आहे. आशिया खंडातल्या मोठ्या तुरुंगांत त्याची गणना होते. मध्यवर्ती कारागृह, महिलांचे वेगळे कारागृह, खुले कारागृह, शेती, कारखाने, छापखाना आणि तुरुंगाधिकाऱ्यांचे प्रशिक्षण देणारे दौलतराव जाधव महाविद्यालय, असा हा सगळा पसारा आहे. शेजारीच मनोरुग्णालय असल्यामुळे ‘येरवड्याला पाठवीन’ या धमकीचा पुणेरी अर्थ निराळा, तो भाग वेगळा.

राजकीय कैद्यांची परंपरा इथे एकोणिसाव्या शतकातच सुरू झाली. रँडच्या खुनाबद्दल दामोदर हरी चापेकरांना १८ एप्रिल १८९८ रोजी इथे फाशी झाली. पुढच्या वर्षी मे महिन्यात त्यांचा भाऊ वासुदेव, साथीदार महादेव रानडे आणि दुसरा भाऊ बाळकृष्ण असे तिघे एकामागोमाग एक त्याच वाटेने गेले. दामोदरांच्या फाशीच्या वेळी राजद्रोहाची शिक्षा भोगणारे टिळक याच भिंतींच्या आत होते. मॅक्स म्युलरने आपण संपादलेल्या ऋग्वेदाची प्रत त्यांना तुरुंगात पाठवली. तिच्या अभ्यासातून वेदकालाबद्दलचे जे विचार आकाराला आले त्यांचे पुढे पुस्तक झाले.

१९२२ च्या मार्चमध्ये अहमदाबादेत सहा वर्षांची शिक्षा झालेले गांधीजी येरवड्यात आले. १९२३ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगातून सावरकरांनाही इथेच हलवले. म्हणजे काही महिने हे दोघे एकाच तुरुंगात होते! ६ जानेवारी १९२४ रोजी सावरकर अटींवर सुटले आणि रत्नागिरीला स्थानबद्ध झाले. त्यानंतर सहाच दिवसांनी, १२ जानेवारीच्या रात्री, गांधीजींच्या आंत्रपुच्छावर ससूनमध्ये कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली. मध्येच वीज गेली तेव्हा कंदिलाच्या उजेडात ती पुरी करावी लागली. पाच फेब्रुवारीला सरकारने त्यांना सोडून दिले. इथल्या मुक्कामात त्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या सत्याग्रहाचा इतिहास इंदुलाल याज्ञिकांना सांगायला घेतला होता. सुटल्यावर त्यांनी तुरुंगातल्या अनुभवांवर लेखमाला लिहिली. तिच्यात त्यांचे लक्ष वारंवार जाते ते जुन्या कैद्यांमधून नेमलेल्या वॉर्डरांकडे, म्हणजे कैद्यानेच कैद्यांवर पहारा करायच्या पद्धतीकडे. तो मुद्दा आजही जिवंत आहे, त्याकडे पुढे येऊच.

१९३० मध्ये गांधीजी परत आले, या वेळी खटल्यावाचून, १८२७ च्या एका जुन्या रेग्युलेशनखाली. मुकुंदराव जयकर आणि तेजबहादूर सप्रू यांनी तडजोडीची बोलणी चालवली, त्यासाठी नेहरू पितापुत्रांना नैनीहून येरवड्यात आणले गेले. आश्रमवासीयांना दर आठवड्याला लिहिलेल्या पत्रांतून ‘मंगल प्रभात’ तयार झाले. पेटीत घडी होऊन बसणाऱ्या चरख्यावर गांधीजींनी इथेच काम केले, म्हणून त्याला येरवडा चक्र हे नाव पडले. १९३२ साली सोबतीला वल्लभभाई पटेल आणि महादेवभाई देसाई होते. महादेवभाईंची त्या काळातली डायरी म्हणजे येरवड्यावरचा सर्वांत जिवंत दस्तऐवज. साठीकडे झुकलेले सरदार रद्दी कागदाची पाकिटे करत बसायचे आणि औंधच्या पंडित सातवळेकरांच्या पाठमालेवरून संस्कृत गिरवायचे, ही तिच्यातली चित्रे विसरता येत नाहीत.

पुणे कराराची हकीकत मराठी वाचकाला ठाऊक असते, तरी दोन आकडे सांगतोच. जातीय निवाड्याने अस्पृश्यांना प्रांतिक कायदेमंडळांत स्वतंत्र मतदारसंघांच्या ७१ जागा दिल्या होत्या. २४ सप्टेंबर १९३२ च्या करारात स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि संयुक्त मतदारसंघांत १४८ राखीव जागा आल्या. २० तारखेला उपोषण सुरू झाल्यापासून तुरुंगातल्या आंब्याच्या झाडाखाली खाटेवर पडलेले गांधीजी आणि समोर बसलेले डॉ. आंबेडकर, हा प्रसंग तुरुंगाच्या आवारात घडला. त्या दबावाखाली झालेला सौदा न्याय्य होता का, यावर अजून एकमत नाही आणि या लेखात ते होणारही नाही. मुद्दा इतकाच की अस्पृश्यतेच्या प्रश्नाशी येरवड्याचे नाव कायमचे जोडले गेले.

आता १९३२ वरून थेट ३ ऑक्टोबर २०२४ वर येऊ. या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता विरुद्ध भारत सरकार या खटल्यात निकाल दिला. शांता या मुंबईच्या पत्रकार. वेगवेगळ्या राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांत झाडूकाम कुणाकडे, स्वयंपाक कुणाकडे हे जातीवरून ठरवणारी कलमे अजून आहेत, हे त्यांनी आधी बातम्यांतून आणि मग याचिकेतून मांडले. सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या पीठाने ती कलमे घटनाबाह्य ठरवली, नियमावल्या दुरुस्त करायला सांगितले आणि कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकानाही काढायला सांगितले. महात्म्याने ज्या प्रश्नासाठी तुरुंगात प्राण पणाला लावले, त्या प्रश्नावर देशातल्या तुरुंगांना न्यायालयाने कान धरून शिकवायला आणखी ९२ वर्षे लागली. हे येरवड्याच्या पर्यटनाच्या फलकावर लिहायला हरकत नसावी.

स्वातंत्र्यानंतरची नामांकित यादी झटपट उरकतो. आणीबाणीत संघाचे आणि इतर पक्षसंघटनांचे मिसाबंदी इथे होते. सरसंघचालक बाळासाहेब देवरसांनी इंदिरा गांधींना लिहिलेली बहुचर्चित पत्रे इथलीच. महाराष्ट्रात फाशीची सोय येरवडा आणि नागपूर या दोनच ठिकाणी आहे. जनरल अरुणकुमार वैद्यांच्या मारेकऱ्यांना ९ ऑक्टोबर १९९२ रोजी इथे फाशी झाली. २१ नोव्हेंबर २०१२ च्या सकाळी कसाबला फाशी देऊन आवारातच पुरले, आणि गावाला कळले ते सगळे आटोपल्यावर. संजय दत्तने उरलेली शिक्षा इथे भोगली आणि २५ फेब्रुवारी २०१६ रोजी तो सुटला. त्याच्या रजा आणि मिळालेली सूट यावरून वाद झाला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले.

या सगळ्या यादीत सामान्य कैदी कुठे आहे? टिळक, गांधी, पटेल यांना वेगळे यार्ड होते, कागद-पेन होते, वाचायला पुस्तके होती. त्यांनी हाल सोसले नाहीत असे मुळीच नाही. पण येरवड्याचे जे चित्र आपल्या डोक्यात आहे ते त्यांच्या यार्डातले आहे. बराकीत झोपणाऱ्याने लिहिलेले जवळजवळ काहीच आपल्यापर्यंत पोचलेले नाही. अलीकडचा एक अपवाद मुद्दाम नोंदवतो. एल्गार परिषद खटल्यात २०१८ साली अटक झालेल्या वकील सुधा भारद्वाज यांना महिला कारागृहाच्या फाशी यार्डातल्या कोठडीत ठेवले होते. तिथून गजांपलीकडे दिसणाऱ्या बायकांची त्यांनी ७६ छोटी शब्दचित्रे लिहिली. कोण कशासाठी आली, कुणाला मुलाकातीला माणूस येतो, कुणाला येत नाही, कुणाचे लेकरू सोबत आहे, हे त्यांत आहे. आईबरोबर मुलाला सहा वर्षांचे होईपर्यंत राहता येते, त्यामुळे त्या भिंतींमागे बालवाडीही असते. २०२३ साली आलेले हे पुस्तक माझ्या मते येरवड्याच्या वाङ्मयात महादेवभाईंच्या डायरीच्या शेजारी ठेवावे असे आहे. कारण डायरीत बराकीतली माणसे कडेकडेने येतात, ती इथे मधोमध आहेत.

फाशी यार्डाचे नाव निघाले म्हणून आणखी एक. बालहत्याकांडातल्या गावित भगिनींनी फाशीच्या छायेत वीसेक वर्षे काढली. दयेचा अर्ज निकाली काढायला आणि त्यानंतरही सरकारने जी ढिलाई केली, तिच्यावर बोट ठेवून मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये त्यांची फाशी जन्मठेपेत बदलली. गुन्हा क्रूर होता, यात वाद नाही. पण फाइल टेबलावर पडून राहणे हीही एक शिक्षाच आहे, आणि ती कुठल्याच संहितेत लिहिलेली नाही.

फायलींच्या या दिरंगाईचा सगळ्यात मोठा फटका ज्यांना बसतो ते म्हणजे कच्चे कैदी. येरवड्याची अधिकृत क्षमता सुमारे २४०० आहे. अलीकडच्या वर्षांत तिथे सहा ते सात हजार माणसे राहत आली आहेत. राज्यातल्या तुरुंगांत दर पाचांतले चार न्यायाधीन आहेत, म्हणजे त्यांचा गुन्हा अजून शाबीत व्हायचा आहे. देशाचे चित्र याहून थोडेच बरे. २०२२ अखेर भारतातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार कैदी होते, त्यांतले ४ लाख ३४ हजार कच्चे, आणि क्षमतेच्या तुलनेत भरणा १३१ टक्के.

या आकड्यांचा अर्थ रात्री कळतो. आदर्श तुरुंग नियमावलीनुसार बराकीत माणशी ३.७१ चौरस मीटर जागा हवी, म्हणजे एक अंथरूण आणि भोवती थोडी हालचाल. तिथे तिप्पट माणसे घाला. संध्याकाळी उजेड असतानाच मोजणी होऊन बंदी होते, ती सकाळी बराक उघडेपर्यंत. बारा तास तेवढ्यात काढायचे. एकाने कूस बदलली की शेजारच्यालाही बदलावी लागते. संडासाजवळची जागा नव्याची, पंख्याखालची जुन्याची. पहाटे रांग. ज्याच्या खात्यावर घरून पैसे येतात तो कँटीनमधून चार गोष्टी घेऊ शकतो. २०२३ अखेर कँटीनच्या यादीत पाणीपुरी आणि आइस्क्रीमही आले तेव्हा ‘तुरुंग की हॉटेल’ असा गिल्ला झाला. ज्याला मनीऑर्डर पाठवणारे कुणी नाही त्याला त्या यादीचा काय उपयोग, हे विचारायचे राहून गेले. मग तो इतरांचे कपडे धुतो, अंथरुणे घालतो, आणि हळूहळू कुणाचा तरी माणूस होतो.

गांधीजींना खटकलेला प्रश्न इथेच उभा राहतो. पहारेकरी थोडे आणि बंदी उदंड झाले की तुरुंग जुन्या, वजनदार कैद्यांच्या कलाने चालू लागतो. पुण्यात गेली काही वर्षे ‘कोयता गँग’च्या नावाने जी तरुण पोरे पकडली जातात, टोळ्यांवर मोक्का लावायचा जो सपाटा चालला आहे, त्यातली बहुतेक भर येरवड्यातच पडते. मोक्कात जामीन मिळणे महाकठीण. अठरा-वीस वर्षांचे पोर पहिल्या भांडणात आत येते आणि ओळखपाळख वाढवून बाहेर पडते, हे पोलिसही खासगीत मान्य करतात. आणि अतिसुरक्षित भाग तरी सुरक्षित आहे म्हणावे, तर जून २०१२ मध्ये दहशतवादाच्या खटल्यातल्या कतील सिद्दिकीचा तिथेच गळा आवळून खून झाला. ते आरोप खरे की खोटे याचा निकाल लागायच्या आतच तो गेला.

दवाखान्याचीही तीच गत. तुरुंगातून ससूनला न्यायचे तर पोलिसांचा गार्ड हवा. तो मिळाला नाही की तपासणीची तारीख गेली. दुसरीकडे अमली पदार्थांच्या खटल्यातला येरवड्याचाच एक कच्चा कैदी महिनोन् महिने ससूनच्या कैदी वॉर्डात मुक्काम ठोकून होता. २ ऑक्टोबर २०२३ रोजी तो तिथून पसार झाला, तेव्हा शहराला वॉर्ड क्रमांक १६ चा पत्ता कळला. ज्याची ऐपत त्याला खाट, बाकीच्यांना गार्ड उपलब्ध नाही. याला नुसती सुरक्षेतली त्रुटी म्हणणे पुरेसे नाही.

मग हे लोक आत का राहतात? सगळेच काही घोर गुन्ह्यांतले नसतात. शिवाजीनगरच्या न्यायालयात जामीन मंजूर होतो, १५ हजारांचा किंवा २५ हजारांचा, सोबत तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार. जामीनदाराला रेशनकार्ड, सातबारा किंवा पगाराची पावती, कधी तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला आणावा लागतो. मराठवाड्यातून किंवा उत्तर प्रदेशातून बांधकामावर आलेल्या मजुराला पुण्यात असा माणूस कुठून मिळणार? कोर्टाच्या आवारात भाड्याचे जामीनदार मिळतात, पण कागद खोटे निघाले की नवाच गुन्हा दाखल. मग रोख जामिनाचा अर्ज, त्यासाठी पुन्हा वकील, पुन्हा तारीख. जामीन मिळूनही आत राहिलेला माणूस ही आपल्या व्यवस्थेची खास निर्मिती आहे. आदेश वेळेत न पोचल्यामुळे बड्या घरच्या मुलालाही आणखी एक रात्र काढावी लागते हे ऑक्टोबर २०२१ मध्ये आर्थर रोडच्या फाटकावरच्या जामीनपेटीने साऱ्या देशाला दाखवले. गरिबाच्या बाबतीत त्या एका रात्रीचे महिने होतात, आणि फाटकावर कॅमेरे नसतात.

येरवड्यात चांगले काही होत नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. इथल्या कारखान्यांत फर्निचर होते, कापड विणले जाते, बेकरीचा माल निघतो, आणि तो बाहेर विकलाही जातो. २०२२ मध्ये राज्य सहकारी बँकेने इथे ‘जिव्हाळा’ नावाची योजना आणली. शिक्षा झालेल्या कैद्याला ७ टक्के व्याजाने ५० हजारांपर्यंत कर्ज, फेड त्याच्या मजुरीतून. घरची फी, आजारपण, वकील यांसाठी ते उपयोगी पडते. पण कुशल कैद्याची मजुरी दिवसाला पाऊणशे रुपयांच्या आसपास. नुसते मुद्दल फेडायलाच सहाशेहून अधिक दिवस काम करावे लागेल. आणि या सगळ्या सोयी प्रामुख्याने पक्क्या कैद्यांच्या. कच्च्याला सक्तीचे काम नाही, म्हणून मजुरी नाही, म्हणून कर्जही नाही. त्याच्या वाट्याला रिकामा दिवस येतो.

खुल्या कारागृहाची गोष्टही अशीच. १९३९ मध्ये औंध संस्थानाने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत वसवली, त्यावरून शांतारामबापूंनी ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. भिंतीवाचून कैदी ठेवता येतो आणि तो पळून जात नाही, हे महाराष्ट्राने देशाला करून दाखवले. येरवड्यातही खुले कारागृह आहे. पण तिथे जायला आधी शिक्षा व्हावी लागते आणि त्यातली काही वर्षे चांगल्या वर्तणुकीने काढावी लागतात. म्हणजे ज्याचा गुन्हा शाबीत झाला तो शेतात मोकळा, आणि ज्याचा व्हायचा आहे तो तिप्पट भरलेल्या बराकीत!

नव्या बराकी बांधायच्या घोषणा होत राहतात. बांधाव्यात जरूर. पण कोण आत येणार हे तुरुंगाच्या हातात नसते. पोलिसांनी धाडला, न्यायालयाने वॉरंट दिले, की अधीक्षकाला तो घ्यावाच लागतो. ‘हाऊसफुल्ल’ची पाटी लावायची सोय नसलेले हे एकमेव सरकारी आवार असावे. म्हणून गर्दीचा जाब एकट्या तुरुंग खात्याला विचारून भागणार नाही.

तरीही एक दार नव्या कायद्याने तुरुंगाच्या बाजूने उघडले आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढलेला कच्चा कैदी जामिनाला पात्र होतो, आणि आयुष्यातला पहिलाच गुन्हा असेल तर एक तृतीयांश काळ पुरतो. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे यातून वगळले आहेत, ते समजण्यासारखे आहे. एकाहून जास्त खटले चालू असतील तर मात्र ही सवलत नाही, आणि पुण्यातल्या पोरांवर गुन्हे जोडीने लागतात हे पाहता ही अट निम्म्या लाभावर पाणी फिरवणारी आहे. पण त्याच कलमात असेही म्हटले आहे की मुदत भरताच न्यायालयाला लेखी अर्ज कारागृह अधीक्षकानेच करायचा. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये हे कलम जुन्या प्रकरणांनाही लागू केले. जोडीला २०२३ पासून केंद्राची गरीब कैद्यांसाठीची योजना आहे. तिच्या २०२३ च्या मूळ रूपात जामिनाची रक्कम भरायला ४० हजारांपर्यंत आणि दंड भरायला २५ हजारांपर्यंत मदतीची तरतूद होती. कायदा आहे, पैसा आहे, समित्याही आहेत.

म्हणून मागणी साधी आहे. येरवड्याच्या अधीक्षकांनी कलम ४७९ खाली किती अर्ज केले, त्यांतले किती मंजूर झाले, जामीन मिळूनही किती जण आत आहेत आणि गरीब कैदी योजनेतून किती जणांचे पैसे भरले, हे चार आकडे दर तीन महिन्यांनी फाटकावर आणि संकेतस्थळावर लावावेत. पुण्यातल्या आमदारांनी ते विधिमंडळात मागावेत, वकील संघटनेने न्यायालयात मागावेत, आणि तोवर आपण माहिती अधिकाराचा अर्ज टाकावा. त्याला १० रुपयांचे कोर्ट फी तिकीट लागते.